पोत्यांच्या खोलीतलं आठवं गाणं

सोयाबीन सोंगणीला, म्हणजे कापणीला, आलं की शिवाराचा आवाज बदलतो. हिरवं असताना रान गप्प असतं. शेंगा वाळल्या की नुसत्या झुळकीनंही खुळखुळायला लागतं. यंदाही ते सुरू झालं आहे. परवा जालन्याहून येताना देऊळगाव राजाच्या अलीकडे मी एस्टीची खिडकी उघडली आणि तो खुळखुळाट धुळीसकट आत आला. शेजारच्या बाईंनी काच लावायला सांगितली. मी लगेच लावली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, कारण गेल्या वर्षापासून हा हंगाम मला सोसत नाही.

आमच्या गावात बुद्धविहाराच्या मागं सुमेधचं घर आहे. तीन खोल्या, वर पत्रे. शेवटची खोली एरवी रिकामी असते आणि घुमते. तिथं टाळी वाजवली तर ती भिंतीभिंतीला आपटत फिरते. पण मळणी झाली, सोयाबीनची पोती त्या खोलीत पत्र्यापर्यंत लागली की खोलीचा स्वभावच पालटतो. बोललेला शब्द तोंडापाशीच थांबतो. शहरातले लोक भिंतींना स्पंज चिकटवून, पैसे मोजून जे करतात ते सुमेधला दसऱ्यानंतर घरबसल्या मिळायचं, आणि संक्रांतीच्या आसपास पोती बाजारात गेली की हातचं जायचं. म्हणून त्याचं गाणं पिकाला बांधलेलं होतं. उरलेलं वर्षभर तो चाली मनात घोळवायचा, शब्द वहीत लिहायचा आणि पोत्यांची वाट बघायचा.

सुमेध माझा बालवाडीपासूनचा मित्र. कॉलेजात असताना आम्ही दोघं एका मोबाइलला एकच हेडफोन लावून गाणी ऐकायचो, डावी बाजू त्याच्या कानात, उजवी माझ्या. ऐकायचो काय, तर लांबच्या थंड मुलखांतल्या पोरापोरींनी आपापल्या खोलीत बसून केलेले उदास अल्बम. मागं कंपनी नाही, जाहिरात नाही. आजकाल त्याला इंडी म्हणतात, तेव्हा आम्हाला तो शब्दही ठाऊक नव्हता. भाषा अर्धीमुर्धी कळायची, पण उदासी पुरती कळायची. मध्येच कुणाची खुर्ची करकरायची, बाहेर कुत्रं भुंकायचं, गाणारीचा श्वास चुकायचा आणि ते सगळं तसंच ठेवलेलं असायचं. सुमेधला त्या चुकलेल्या श्वासाचंच वेड लागलं. अल्बम सुरू केला की मधलं गाणं गाळायचं नाही असा त्याचा दंडक होता. हे एका माणसाचं एक वर्ष आहे, त्यातला पावसाळा आपल्याला आवडत नाही म्हणून काढून टाकता येतो का, असं तो मला विचारायचा.

त्याचे बाबा गायन पार्टीत पेटी वाजवायचे आणि गायचे. जयंतीच्या दिवसांत त्यांना गावोगावची बोलावणी यायची. उघडं मैदान, हजार माणसं आणि बाबांचा वेशीपर्यंत जाणारा आवाज. मुलाचं पुटपुटल्यासारखं गाणं ऐकून ते मिशीत हसायचे, म्हणायचे की याचा आवाज बाजूच्या पोत्यालासुद्धा ऐकू जात नाही. पण त्याच बाबांनी पेटी दुरुस्त करून त्याला दिली, आणि चांगलं गिऱ्हाईक दारात आलं असताना पोती आणखी पंधरा दिवस हलणार नाहीत म्हणून परत पाठवलं. का, ते कुणाला सांगितलं नाही.

सुमेधनं चार वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. एकदा दोन मार्कांनी, एकदा एका मार्कानं राहिला, आणि मग पुस्तकांची पेटी घेऊन गावी परत आला. त्या चार वर्षांची त्याला आठ गाणी करायची होती. पुण्यातल्या कॉट बेसिसच्या खोलीचं एक. निकालाच्या दिवशी घरी न लावलेल्या फोनचं एक. वाट बघून दुसऱ्याशी लग्न लागलेल्या मुलीचं एक, त्यात तिचं नाव तर सोडाच, तक्रारही नव्हती. सगळी आमच्या बोलीत. शहरात ज्या बोलीला लोक हसतात, तिच्यात इतकं हळू काही म्हणता येतं हे मला ती गाणी ऐकेपर्यंत माहीत नव्हतं.

पहिली तीन गाणी झाली तेव्हा मी तिथं होतो. रेकॉर्डिंग दुपारीच व्हायचं. शेजारच्या खळ्यावरचा हडंबा, म्हणजे मळणीचं यंत्र, मजूर जेवायला बसले की बंद व्हायचा. तेवढा पाऊण तास आमचा. खिडकीला गोधडी, पोत्यांच्या थप्पीवर मोबाइल, त्याला जोडलेला बोटाएवढा माइक. खोलीत सोयाबीनचा तो गरम, तेलकट वास. समोर माणूस असला की सुमेधला गाता येत नसे, म्हणून मी त्याच्या पाठीमागं पोत्यावर बसायचो. गाणं संपलं की तो वळायचा नाही. पाठमोराच विचारायचा, "कुठं खोटं वाटलं तेवढं सांग." मी सांगायचो. तिसऱ्या गाण्यात एका ओळीवर मी म्हटलं होतं, इथं तू रडतोयस असं दाखवतोयस, रडत नाहीयेस. मग ती ओळ त्यानं नुसती बोलल्यासारखी म्हटली. बाहेर हडंबा सुरू झाला तेव्हा आम्ही भानावर आलो.

त्यानंतर मी संभाजीनगरला एका क्लासमध्ये शिकवायला लागलो. तिथं एआय आधीपासून मुरलेलं होतं. पहिल्यांदा मी त्याच्याकडून प्रश्नपत्रिका काढून घेतल्या. त्यात गैर काय? मग पालकांच्या मेसेजची उत्तरं. मग भाचीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. मग मामा वारले तेव्हा मामीला पाठवायचे चार शब्द. त्या चार शब्दांबद्दल मामीनं सगळ्या नातेवाइकांत माझं कौतुक केलं आणि मी ते निमूट घेतलं. माणूस एका दिवसात असा होत नाही. प्रत्येक वेळी वेळ वाचला एवढंच वाटतं. वाचलेला वेळ मी कुठं नेऊन ठेवला, हे आज कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. एक दिवस कुठलीही गोष्ट स्वतःच्या मनाला विचारण्याआधी बोट आपोआप फोनमधल्या त्या चौकटीकडे जायला लागलं, आणि मला ते जाणवलंही नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर सुमेधनं चौथं गाणं फोनवर पाठवलं. आधी शब्द लिहून, खाली आवाजाची फाईल. त्या आठवड्यात मुलांच्या चाचण्या होत्या. तपासायचे गठ्ठे पडले होते. मी शब्द उचलून एआयला दिले आणि सांगितलं की मित्राचं गाणं आहे, त्याला चार ओळींत अभिप्राय द्यायचाय, आमच्या वऱ्हाडीत दे. त्यानं दिला. चांगला होता. माझ्यापेक्षा नीट होता. गाणं रविवारी निवांत ऐकू असं ठरवून मी तो पाठवून दिला. रविवार आला आणि गेला.

पाचव्यालाही तेच. सहाव्याला एआयनं सुचवलं की शेवट फार निराश आहे, एखादी आशेची ओळ असावी. मी तेही जसंच्या तसं पाठवलं. सुमेधनं ती ओळ घातली. तिच्यासाठी तीन दिवस रोज दुपारी, मजूर जेवत असताना, तो पोत्यांत बसून तेच गाणं पुन्हापुन्हा गात होता. हे काकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, मला पुढं सांगितलं. माझा शब्द आहे म्हणून तो घसा बसेपर्यंत गात राहिला, आणि तो शब्द कुणाचाच नव्हता. त्याच्या पाठीमागच्या पोत्यावर कुणी बसलेलंच नव्हतं. सहावं गाणं आता ऐकवत नाही. शेवटची ओळ येते आणि गाणं एखाद्या सरकारी भिंतीवरच्या सुविचारासारखं होतं. उदास माणसाला लगेच बरं करायची त्या यंत्राला भारी घाई. दुःखापाशी नुसतं बसून राहणं त्याला जमत नाही, आणि ज्याला जमत होतं त्यानं ते काम सोडून दिलं होतं.

दिवाळीच्या आधी सुमेधचे दोन फोन येऊन गेले. पहिला मी वर्गात असताना. दुसरा मी घेतला, पण घाईत होतो. तो म्हणाला, थोडं बोलायचं होतं. मी म्हटलं, गाण्याबद्दल असेल तर पाठवून दे, मी ऐकून सांगतो. तो बरं म्हणाला. त्या दिवशी दुपारी आठवं गाणं आलं. वर शब्द, खाली फाईल. संध्याकाळच्या आत मी उत्तर पाठवलं. ते उत्तर माझ्या फोनमध्ये अजून आहे, मी ते पुसलेलं नाही. आठवं सगळ्यात भारी झालं बे, असं त्यात लिहिलं आहे. दुसऱ्या कडव्यात आवाज वर जातो तिथं अंगावर काटा आला, असं लिहिलं आहे.

त्यानंतर त्यानं काही पाठवलं नाही. अल्बम संपला, दमला असेल, असं मी धरून चाललो. दिवाळीत सासुरवाडीला गेलो. गावी गेलो तो थेट संक्रांतीला.

काकूंनी तिळगूळ दिला, चहा टाकला. सुमेध ओसरीवर बसला होता. मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि अल्बम कुठवर आला म्हणून विचारलं. तो समोरच बघत राहिला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा काकू चुलीपाशी होत्या, त्या म्हणाल्या, "तिकून नको बोलू बापू. त्या कानानं त्याले ऐकू येत नाही आता." मी उठून दुसऱ्या बाजूला आलो. चहा माझ्या हातात तसाच होता. मला सांगितलं का नाहीस, असं मी त्याला विचारलं. माझ्या आवाजात चक्क राग होता, हे आठवून आज माझी मलाच शिसारी येते.

तो शांतपणे म्हणाला, "सांगतलं होतं न. आठव्यात."

मी घरी न जाता तसाच त्यांच्या शेतात गेलो. सोयाबीन निघून हरभरा पोटरीइतका झाला होता. बांधावर बसून मी आठवी फाईल पहिल्यांदा उघडली. आधी पेटीचे चार सूर. मग पहिली ओळ, आणि ती अर्ध्यावर थांबली. दुसरं कडवं नव्हतंच. गाणंच नव्हतं. पोत्यांच्या खोलीतली ती घट्ट शांतता होती आणि तिच्यात सुमेध माझ्याशी बोलत होता.

"गाता येऊन नाही राह्यलं गड्या. डाव्या कानानं पाच दिवस झाले काहीच ऐकू येत नाही, नुसती शिट्टी वाजून राह्यली. सूर लागला का नाही तेच समजत नाही. मायले नाही सांगतलं, ते घाबरते. मेडिकलवाला म्हणे मळ असन, त्यानं थेंब देल्ले. मले तसं नाही वाटत. तिकडं कोणी चांगला डॉक्टर असन तर पाह्य. तू म्हणशीन तं उद्याच येतो. तू फक्त सांग."

त्यापुढं काही सेकंद तो नुसता श्वास घेत बसलेला ऐकू येतो. मग हडंबा सुरू होतो आणि फाईल संपते.

मी किती वेळ त्या बांधावर होतो मला माहीत नाही. शेजारच्या वावरातल्या बाईनं येऊन पाणी विचारलं तेव्हा मी रडत होतो हे मला समजलं. दुसऱ्या दिवशी त्याला जवळजवळ ओढत संभाजीनगरला नेलं. महिनाभर थेंब घालून झाल्यावर त्यानं बुलढाण्याला एका डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यांचे कागद सोबत होते. इथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. असं अचानक होतं, पुष्कळदा कारण सापडत नाही. पहिल्या आठ-दहा दिवसांत औषध सुरू झालं तर बऱ्याच जणांचं ऐकणं थोडंफार परत येतं. आता आशा धरू नका. मी विचारलं, पाचव्या-सहाव्या दिवशी आला असता तर? डॉक्टर म्हणाले की खात्री कुणीच देत नाही, पण संधी होती. सुमेध माझ्या उजवीकडे बसला होता आणि ऐकू येणारा कान डॉक्टरांकडे करून सगळं नीट ऐकत होता.

परतीच्या एस्टीत मी त्याला विचारलं की माझ्या उत्तरानंतर पुन्हा फोन का केला नाहीस. तो म्हणाला, वाटलं तू मागून ऐकशील, म्हणून चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी त्याला कळलं की मी आठवं ऐकलेलं नाही. मग त्यानं चौथं, पाचवं, सहावं, सातवं काढून माझे अभिप्राय पुन्हा वाचले, आणि तेही कळलं. मला शिवी तरी द्यायची होती त्यानं. सुमेधनं ती आजवर दिलेली नाही.

लाज वाटते, पण सांगून टाकतो. त्या आठवड्यात, झोप लागेना म्हणून, मी पुन्हा त्याच चौकटीत जाऊन सगळं लिहिलं. तुझ्यामुळं हे झालं, असं लिहिलं. त्यानं फार सुंदर शब्दांत दुःख व्यक्त केलं. मित्राला काय म्हणावं याचा नमुनाही दिला. तो नमुना इतका चांगला होता की वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग मी फोन उशीखाली दाबून पडलो. यंत्राला कशाला दोष देऊ? त्यानं कधी म्हटलं नव्हतं की मी गाणं ऐकलं. ते मी म्हटलं होतं. त्याला कान नाहीत. मला दोन होते.

लोक म्हणतात की या यंत्रांनी माणसांची कामं जातील. जातील बापडी. माझं एकच काम होतं, मित्राचं गाणं ऐकायचं, आणि ते माझ्याकडून कुणी हिसकावून घेतलेलं नव्हतं. मी ते आपल्या हातानं देऊन टाकलं. आठ गाण्यांचा एक अल्बम, त्यातली साडेसात झालेली. तो कुठं चढवलेला नाही, चढवणारही नाही असं तो म्हणतो. उजव्या कानातही अधूनमधून शिट्टी वाजते म्हणून घरातली माणसं आता भांडीसुद्धा जपून ठेवतात. पेटी बाबांच्या खाटेखाली गेली. पुन्हा तसे उदास अल्बम मला ऐकवत नाहीत. कुणाचाही श्वास चुकला की वाटतं, हा माणूस काही सांगतोय आणि पलीकडे कोणीच नाही.

या वर्षभरात मी त्याची माफी मागितली नाही असं नाही. फोनवर मागितली, ओसरीवर मागितली. प्रत्येक वेळी तो जाऊ दे म्हणाला आणि विषय बदलला. जाऊ दे म्हणजे माफ केलं असं नसतं, हे मलाही समजतं. म्हणून यंदा सोंगणी सुरू व्हायच्या आधी मी पत्र लिहायला बसलो. सवय इतकी मोडली होती की पहिले चार दिवस एक वाक्य सरळ उतरलं नाही. कागद फाडले. शब्द कोरडे यायचे, नाहीतर भिजून चिकट व्हायचे. महिनाभर लिहीत होतो. आमच्या बोलीत, पेनानं, पाच पानं. शिकलेल्या, शिकवणाऱ्या माणसाला पाच पानांना एक महिना लागला. त्यातलं एकही वाक्य चांगलं नाही, पण सगळी माझी आहेत.

ते पत्र द्यायलाच परवा गेलो. खळ्यावर मळणी चालू होती. मजूर जेवायला बसले, हडंबा थांबला, आणि सुमेध कुटाराच्या, म्हणजे सोयाबीनच्या भुशाच्या, ढिगाला टेकून बसला. मी पाकीट त्याच्या हातात दिलं आणि थोडा लांब जाऊन उभा राहिलो. त्यानं पाचही पानं सावकाश वाचली. तिसऱ्या पानावर थांबून मागं गेला, पुन्हा वाचलं. त्याचे डोळे भरलेले मला लांबूनही दिसत होते. वर्षभरानं माझ्या छातीवरचं काहीतरी हललं.

मग त्यानं हातानंच मला जवळ बोलावलं. पानं जुळवून गुडघ्यावर ठेवली, त्यांच्यावरून तळवा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"अक्षर तुहंच हाय," तो म्हणाला. "पण हे तूच लिवलं का?"

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार होतो? लिहिताना शेजारी कोणी बसलं नव्हतं, दाखवायला हातात काही नव्हतं. शपथ घ्यावी तर तीही शब्दांचीच. मी पुन्हा एकदा, त्याच्या उजव्या कानाजवळ वाकून, हो म्हटलं.

"असन," सुमेध म्हणाला.